इन्शुरन्समधलं इन्फोसेक (माहिती सुरक्षा) रिस्कचं काम नाशकात राहून जमेल का?

सातपूरचा_नेटवर्कवाला:
नमस्कार मंडळी, सातपूर एमआयडीसीतल्या कंपनीत सात वर्षं सर्व्हर-नेटवर्क बघतोय, माहिती सुरक्षेच्या आयएसओ २७००१ मानकाचं लीड ऑडिटरही केलंय. आता मुंबईच्या एका फर्मकडून विचारणा आलीय, इन्शुरन्स क्लायंटसाठी रिस्क कन्सल्टंट म्हणून. आईची तब्येत बरी नसते त्यामुळे नाशिक सोडायचं नाहीये, आणि विम्यातलं मला ओ की ठो कळत नाही. सुरुवात कुठून करू?

गोदाकाठची:
जमेल दादा. मी चार वर्षं कॉलेज रोडवरून हेच करतेय, ऑडिट असेल तेव्हा पंचवटी एक्सप्रेसने जाऊन येते. आधी आयआरडीएआयच्या (विमा क्षेत्राची नियामक संस्था) २०२३ च्या सायबर सिक्युरिटी गाईडलाईन्स नीट वाचा, त्या नुसत्या विमा कंपन्यांना नाहीत, ब्रोकर, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या कंपन्या) यांनाही लागू आहेत.
पण खरी रिस्क कागदावर दिसत नाही हो. माझ्या पहिल्या कामात फायरवॉल, बॅकअप सगळं चोख होतं, मग सहज क्लेम डेस्कवर जाऊन बसले तर तिथली मुलगी हॉस्पिटलची डिस्चार्ज कार्डं, रक्ताचे रिपोर्ट सगळं स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपने मागवून मग सिस्टीमला चढवत होती, कारण पोर्टलवर मोठी फाईल अपलोडच व्हायची नाही. पेशंटचा क्लेम अडू नये म्हणून धडपडत होती बिचारी! मी रिपोर्टमध्ये पोर्टलची फाईल लिमिट लिहिली, तिचं नाव नाही.

इंदिरानगरकर:
ताईंना अनुमोदन. सर्ट-इनचा (सायबर हल्ल्यांची दखल घेणारी सरकारी संस्था) २०२२ चा आदेशपण वाच भाऊ, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं आणि सिस्टीमचे लॉग (नोंदी) १८० दिवस ठेवायचे. मी प्रत्येक क्लायंटला विचारतो, रात्री दोनला टीपीएचा सर्व्हर लॉक झाला तर पहिला फोन कोण कोणाला करणार? सगळे एकमेकांकडे बघतात. टीपीएने तुम्हाला किती वेळात सांगायचं हे करारातच नसतं, मग ते ६ तास कुठून आणणार? ते कलम आधी घालून घे.

सातपूरचा_नेटवर्कवाला:
खूप आभार दोघांचे. म्हणजे सर्व्हर रूमच्या आधी क्लेम डेस्कवर बसायची परवानगी मागू?

गोदाकाठची:
हो, आणि दुपारी जा. डिस्चार्जची गर्दी असते, कोण कुठून फाईल पाठवतंय ते तेव्हाच दिसतं.