लॅब्रॅडॉरची जोडी लावण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात?

धरमपेठकर: नमस्कार. आमची लॅब्रॅडॉर मादी नुकतीच दोन वर्षांची झाली असून पुढच्या माजाला तिची जोडी लावावी, असा घरात विचार चालू आहे. नागपूरच्या काटोल रोडवरील एका परिचितांचा नर मी पाहून आले. अंगाने भरलेला, स्वभावाने गरीब. त्याच्या सर्व लसी झाल्या आहेत, केनेल क्लब ऑफ इंडियाचे वंशावळीचे कागदही आहेत, तेव्हा आणखी काही पाहण्याची गरज नाही, असे ते म्हणतात. एवढे पुरेसे आहे का?

श्वानमित्र: पुरेसे नाही, ताई. वंशावळीचा कागद आईबाप कोण ते सांगतो, खुब्याचा सांधा कसा आहे ते सांगत नाही. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचे आणि कोपराचे सांधे नीट न घडण्याचा दोष वंशातून उतरतो, आणि असा कुत्रा तरुणपणी व्यवस्थित धावतानाही दिसू शकतो, म्हणून दोघांचेही एक्स-रे हवेत. खुब्याचा एक्स-रे काढताना कुत्र्याला गुंगीचे औषध देऊन उताणे झोपवतात, मागचे पाय सरळ ताणून गुडघे आत वळवतात. कंबर जराशी तिरकी राहिली तरी निदान फसते. अमेरिकेतील ओएफए ही संस्था 24 महिने पूर्ण झाल्याशिवाय खुब्याचा अंतिम दाखला देत नाही, तेव्हा वय योग्य आहे. मात्र माजाच्या सुमारास सांधे सैल दिसू शकतात, म्हणून दोन माजांच्या मधला काळ निवडा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी करून पाहा.

गोरेवाडा: त्याआधी ब्रुसेला कॅनिस या जिवाणूसाठी दोघांचे रक्त तपासा. हा रोग समागमातून पसरतो, नर वरून ठणठणीत दिसतो आणि मादीचा गर्भ दिवस भरत आले असताना पडतो. कुत्र्यांसाठी त्यावर लस नाही, त्यामुळे ‘सर्व लसी झाल्या’ या वाक्याला येथे काही अर्थ उरत नाही. प्रतिजैविके देऊनही तो पुन्हा उलटू शकतो, आणि बाळंतपणात हात लावणाऱ्या माणसालाही होऊ शकतो. मादीच्या अंगावर गोचिडी होत असतील, तर गोचीडतापाची तपासणी आणि प्लेटलेटची मोजणीही याच रक्तातून करून घ्या.

धरमपेठकर: मनापासून आभार. जोडीपूर्वी जनुकीय चाचणीही करतात, असे ऐकले आहे. तीत आमच्या मादीचा दोष निघाला, तर तिला कायमचे बाद करावे लागेल का?

श्वानमित्र: नेहमीच नाही. हळूहळू अंधत्व आणणारा पीआरए आणि जोराच्या धावण्यानंतर मागचे पाय लुळे पाडणारा ईआयसी हे दोष पिल्लाला बाधण्यासाठी सदोष जनुक आईबाप दोघांकडूनही यावे लागते. वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेल्या मादीला पूर्ण निर्दोष नर दिला, तर एकही पिल्लू बाधित होत नाही. मात्र सरासरीने निम्मी वाहक निघतात, हे पिल्लू नेणाऱ्याला सांगायलाच हवे. ईआयसीची चाचणी आपल्याकडे मी आग्रहाने सुचवीन, कारण नागपूरच्या मे महिन्यात असा कुत्रा कोसळला, तर जिवावर बेतू शकते. तुमचे अहवाल आधी नराच्या मालकांपुढे ठेवा आणि मगच त्यांचे मागा. तरीही नकार आला, तर दुसरा नर शोधा.