मदत हवी आहे: डंप उडवला तरी पुश होत नाही, फोल्डर कसे लावू?

कोरीपाटी: शब्दकोशाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. कोड, स्क्रिप्ट, डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची एक फाइल) सगळं एकाच फोल्डरात. गिटमधून पुश, म्हणजे सर्व्हरवर चढवणं, अडतोय. डंप डिलीट करून पुन्हा कमिट केलं (बदलांची नोंद केली), गिटने सोडायच्या फाइलींच्या यादीत, गिटइग्नोरमध्ये, नाव घातलं, तरी तेच. आज रिलीज काढायचंय, बाकीचे खोळंबलेत. फोल्डरांची रचनाही सुचवा. लवकर सांगा प्लीज.

रानवारा: पुश कुठे करताय? एरर जशीच्या तशी टाका.

कोरीपाटी: गिटहबवर. फाइल मोठी आहे म्हणतंय. पण फाइल तर आता नाहीच ना!

रानवारा: फोल्डरात नाही, इतिहासात आहे. पुश करताना मधले सगळे कमिट जातात आणि त्यातल्या एकात डंप आहे. गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही. गिटइग्नोर फक्त ट्रॅक न झालेल्या, म्हणजे गिटमध्ये अजून न घेतलेल्या, फाइलींना लागू होतं. ते कमिट आधी कुठे पुश झालेत का?

उंबरठा: एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या साठवायची गिटची सोय) लावा, विषय संपला. आम्ही सगळे डंप त्यातच ठेवतो.

रानवारा: नाही संपला. एलएफएसमध्ये न्यायलाही जुने कमिट पुन्हा लिहावे लागतात. शिवाय जागा आणि डाउनलोड दोन्हींवर कोटा असतो. डंप रोज बदलत असेल तर तो भरायला वेळ लागत नाही.

दीपमाळ: डेटाचा परवाना ठरवलात का? कोडचा परवाना डेटाला आपोआप पुरत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाने २०१२ मध्ये डेटासाठी ओडीबीएल हा डेटाबेसचा मुक्त परवाना घेतला, तो वाचून बघा.

कोरीपाटी: परवान्याचं नंतर बघू हो. कमिट पुश झालेले नाहीत.

रानवारा: मग सोपं आहे. आधी फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा. मग गिट फेच, त्यानंतर 'गिट रिसेट --सॉफ्ट ओरिजिन/मेन' आणि नवा कमिट.

उंबरठा: त्याने सगळे कमिट एकात गोळा होतात! कोणी काय बदललं ते कसं कळणार? इतिहासातून फाइल काढणारं फिल्टर-रेपो वापरा, फक्त डंप जातो, बाकी कमिट वेगवेगळे राहतात.

रानवारा: कमिट वेगळे हवे असतील तर फिल्टर-रेपोच बरं, मान्य. पण ते ओरिजिन रिमोट (पुश करायचा पत्ता) काढून टाकतं, तो परत जोडावा लागेल.

सायसाखर: रचनेचं कोणी बोललंच नाही. कोड 'एसआरसी'त, डंप बनवणाऱ्या स्क्रिप्ट 'स्क्रिप्ट्स'मध्ये, चाचणीपुरत्या थोड्या ओळी 'टेस्ट्स/डेटा'मध्ये. कच्चा डेटा आणि डंप रेपोच्या, म्हणजे गिटच्या फोल्डरच्या, बाहेर. अख्खा डंप रिलीजला जोडा, तिथे एक फाइल २ जीबीच्या आत असली की चालते. सोबत एसएचए-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते तपासायचा कोड) आणि डंप कुठल्या आवृत्तीच्या स्कीमाचा (टेबलांच्या रचनेचा) आहे ते लिहा. हे नसलं की वर्षभराने तो डंप कशात भरायचा ते कोणालाच सांगता येत नाही. आणि एक विचारते, डंपमध्ये वापरकर्त्यांचं टेबल आहे का?

कोरीपाटी: हो, पूर्ण डेटाबेसच आहे. का?

सायसाखर: अहो, मग ईमेल आणि पासवर्डचे हॅशही (पासवर्डची सांकेतिक रूपं) जगजाहीर होतील! तो डंप कुठेही चढवू नका. डेटाबेस कुठला, पोस्टग्रेस की मायएसक्यूएल?

कोरीपाटी: पोस्टग्रेस. रिसेटने पुश झालं, आभार. रिलीज थांबवलंय.

सायसाखर: पोस्टग्रेसचा डंप काढणाऱ्या पीजी-डंपला '--एक्सक्लूड-टेबल-डेटा' देऊन त्या टेबलाचं नाव द्या. रचना येते, ओळी येत नाहीत. सेशन आणि लॉगची टेबलंही तशीच वगळा.