मदत हवी आहे: थंडीत घरीच गाडीला वॅक्स केलं, फराटे आणि ठिगळं राहिली

पाषाणकर_७ (धागाकर्ता)

मंडळी, गाडी गडद निळी मेटॅलिक हॅचबॅक, वय सहा वर्षं. रंग कंपनीचाच आहे, फक्त पुढचा बंपर दोन आठवड्यांपूर्वी रंगवून आणलाय. सोसायटीत उघड्यावर उभी असते.

रविवारी सकाळी साडेसातला बादलीने धुतली, पुसली आणि डब्यातलं कार्नोबा पेस्ट वॅक्स हाताने लावलं. छप्पर आणि डिकीवर ते नीट पसरलंच नाही. वीस मिनिटांनी पुसायला घेतलं तर तेलकट फराटे, आणि पुसावेत तितके ते पसरतात. बॉनेट राहिलं होतं ते अकराच्या उन्हात केलं. तिथे उलटी गत, वॅक्स इतकं चिकटलं की फडकं पुढे सरकेना. आता सकाळी दव पडलं की छपरावर ठिगळं दिसतात, कुठे टपोरे थेंब तर कुठे नुसता पाण्याचा पापुद्रा. वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग आहेत ते वेगळेच.

हे सगळं उतरवून पुन्हा करायचं का, आणि कशाने उतरवायचं? जुने जाळीसारखे ओरखडे आहेत, त्यासाठी पॉलिशिंग मशीन घ्यावं का? आणि डिसेंबर-जानेवारीत हे काम पुण्यात कुठल्या वेळेला करतात, की होळीपर्यंत थांबायचं?

रंगारी_काका

होळीपर्यंत थांबलात तर बॉनेटवर पापड भाजता येतील. आत्ताच करा, फक्त घड्याळ बघून.

पुण्याच्या थंडीत हवेच्या तापमानाने फारसं बिघडत नाही, बिघडतं ते पत्र्याच्या तापमानाने. उघड्यावरचं छप्पर, बॉनेट, डिकी रात्रभर मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. दव आधी तिथे जमतं, दारांवर कमी, ते यामुळेच. पाषाण, एनडीए भागात पारा तसाही शहरातल्या इतर भागांपेक्षा खाली असतो. सकाळी साडेसातला हवा ११-१२ अंश असेल तर तुमचं छप्पर एक आकडी तापमानावर असू शकतं. त्याच दिवशी अकराला ऊन खाल्लेलं गडद निळं बॉनेट ४५ अंशांच्या पुढे सहज जातं. एका सकाळीत दोन्ही टोकं झाली.

कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणजे एरवी चांगलंच कडक. डब्यात ते पेट्रोलियम सॉल्व्हंट घालून मऊ केलेलं असतं. गार पत्र्यावर हे सॉल्व्हंट उडायला वेळ लागतो. थर जाड असेल तर वरून साय धरते, आत ओलं राहतं आणि पुसलं की फराटे उमटतात. तापलेल्या पत्र्यावर सॉल्व्हंट लावता लावता उडून जातं आणि मागे फक्त कडक मेण उरतं.

म्हणून वीस मिनिटं, पंधरा मिनिटं असं काही धरून चालू नका. बोटाच्या टोकाला स्वच्छ मायक्रोफायबर गुंडाळून कोपऱ्यात एक रेघ ओढा. रेघेखाली लख्ख रंग दिसला तर पुसायला घ्या. रेघ तेलकट, धूसर आली तर थांबा. उन्हाळ्यात सावलीत पाच मिनिटांत होणारं काम गार पत्र्यावर अर्धा तासही घेतं.

आता उतरवायचं कसं. घासू नका. बॉनेटच्या एका फूटभर चौकोनावर तेच वॅक्स अगदी पातळ पुन्हा लावा आणि न सुकवता लगेच पुसा. ताज्या थरातलं सॉल्व्हंट खालचं कडक वॅक्स मऊ करतं आणि दोन्ही एकत्र निघून येतात. मग पुढचा चौकोन. बॉनेट सावलीत, हाताला कोमट वाटेल इतपतच असू द्या. छपरावरच्या फराट्यांना तर तेवढंही लागणार नाही. दुपारी चारनंतर पत्रा निवलेला पण गार न झालेला असताना कोरड्या फडक्याने पुसा, बरेचसे निघतील.

थर किती? ॲप्लिकेटर (वॅक्स लावायचा स्पंज) डब्यात दाबून पाव वळण फिरवा, तेवढ्यात अर्धं बॉनेट व्हायला हवं. लावल्यावर वॅक्स दिसण्यापेक्षा रंग किंचित मंद झालाय असं वाटलं म्हणजे बरोबर. संपूर्ण हॅचबॅकला १०-१५ ग्रॅम पुष्कळ झालं. डबा गार पडून घट्ट झाला असेल तर झाकण लावून कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा. गॅसवर मुळीच नको, आतलं सॉल्व्हंट पेट घेतं.

हातोडी_पकड

काकांशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

वेळ: डिसेंबर-जानेवारीत उघड्यावर करायचं तर सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, गाडी इमारतीच्या सावलीत. नाहीतर साडेतीन ते साडेपाच. सहानंतर पत्रा पुन्हा भराभर गार होतो, तेव्हा शेवटचं पॅनल साडेपाचपर्यंत पुसून झालेलं बरं. पत्रा १५ ते ३० अंशांत असला की झालं. तळवा ठेवल्यावर ना गार चटका ना ऊब, ही साधी खूण. आकडाच हवा असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर रंगावर बऱ्यापैकी खरं सांगतो, क्रोमवर मात्र फसवतो. कोविडमध्ये घेतलेली ताप मोजायची बंदूक तिच्यात पृष्ठभागाचा मोड असेल तरच उपयोगाची.

दुसरं, धुतल्यावर आरशाच्या खाचेतून, दाराच्या हँडलमधून, पेट्रोलच्या झाकणातून आणि नंबरप्लेटमागून पाणी अर्धा तास ओघळत राहतं. थंडीत तर जास्तच. ते वॅक्सखाली गेलं की तिथे थर धरत नाही. धुतल्यावर गाडी सोसायटीतच एक फेरी मारून आणा, सगळी दारं, डिकी उघडून कडा पुसा आणि मग डब्याला हात लावा.

टँकर_नियमित

ठिगळांबद्दल. थेंब टपोरे दिसतात तिथे वॅक्स आहे, पापुद्रा दिसतो तिथे नाही. दव तुम्हाला फुकटात नकाशा काढून देतंय, सकाळी फोटो काढून ठेवा.

पण ते दव उन्हात वाळून गोल डाग पडत असतील तर ती वेगळी भानगड. दवाचं पाणी मऊच असतं. त्यात विरघळते ती गाडीवर बसलेली बांधकामाची सिमेंटयुक्त धूळ. बोअरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळू दिली तर हेच होतं. नवे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं करून फडक्यावर घ्या, डागावर एक मिनिट ठेवा आणि साध्या पाण्याने धुऊन टाका. पत्रा गार हवा. व्हिनेगरने तिथलं वॅक्सही जातं, तेव्हा हे वॅक्सच्या आधी. डिस्टिल्ड पाणी बॅटरीवाल्याकडे पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. शेवटचा हात तेवढ्या पाण्याने मारला तरी फरक दिसतो.

जुगाडू

एवढा व्याप कशाला? रॉकेलचा बोळा फिरवायचा, वरून डॅशबोर्डचा स्प्रे. चकाचक. ओरखड्यांना टूथपेस्ट.

रंगारी_काका

@जुगाडू, चकाकी दिसते ती तेलाच्या थराची. दुसऱ्या दिवशी त्याच थरावर धूळ चिकटते आणि पुसताना नवे ओरखडे पडतात. रॉकेल दाराच्या रबरी बीडिंगला लागलं की रबर फुगतं. डॅशबोर्डच्या स्प्रेमधलं सिलिकॉन काचेवर उडालं तर पावसात वायपर फराटे काढतो, आणि पुढे रंगकाम करायचं झालं तर त्याच सिलिकॉनमुळे नव्या रंगात बारीक खड्डे पडतात. टूथपेस्ट घासते हे खरं, पण किती घासेल याचा नेम नाही.

ड्युअल_ॲक्शन

मशीनबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून जरा सविस्तर.

वॅक्सने ओरखडे जात नाहीत, फार तर झाकले जातात. घालवायचे तर पॉलिश हवं, आणि पॉलिश म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, क्लिअरकोटचा, एक पातळ पापुद्रा घासून काढणं. कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, त्यात क्लिअरकोट ३५ ते ५० च्या घरात. त्यातून दरवेळी काही मायक्रॉन जातात. म्हणून हे काम दर दिवाळीला करायचं नाही. सगळे ओरखडे शंभर टक्के घालवायचा हट्टही नको. नखाला लागणारा चरा पॉलिशने जाणारच नाही.

घरी घ्यायचं तर ड्युअल ॲक्शन मशीनच घ्या (पॅड फिरता फिरता डोलतंही), पाच इंची प्लेटचं. नुसती गरगर फिरणारी रोटरी नको, ती एकाच जागी उष्णता धरते आणि कडेचा रंग जाळते. ड्रिलला फोमचा गोळा लावून तर अजिबात नको. ही मशीनं ७००-९०० वॉटची असतात, साध्या सॉकेटवर चालतात.

आधी धुवा, मग क्ले बार, म्हणजे रंगावर रुतलेली घाण उचलणारी चिकणमातीसारखी वडी. ५० ग्रॅमचा तुकडा पुरतो. थंडीत क्ले दगडासारखी होते, ती कोमट पाण्यात बुडवून मळून मऊ करा आणि भरपूर शाम्पूच्या पाण्यावर दाब न देता सरकवा. खाली पडली तर फेकून द्या, धुऊन वापरू नका. तळहातावर प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवली की खरखर राहिली का ते नीट कळतं. मग प्लास्टिक, बीडिंग आणि बॉनेटच्या उठावदार रेघांवर मास्किंग टेप.

मऊ फोम पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश, मेग्वायर्सचं २०५ किंवा त्या जातीचं, यापासून सुरुवात करा. डिकीवर एकाच फूटभर चौकोनात करून बघा. तेवढ्याने भागलं तर कंपाउंडकडे, म्हणजे जास्त घासणाऱ्या जाड पॉलिशकडे, जाऊच नका. कोऱ्या पॅडवर हरभऱ्याएवढे चार थेंब, पुढे तीन. दीड फूट चौरस भाग घ्या. एक नंबरच्या वेगावर पसरवून घ्या, मग चार-पाचवर न्या आणि उभे-आडवे मिळून चार ते सहा हात मारा. हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसायला हवी. ती थबकली की दाब जास्त झालाय किंवा मशीन तिरकी धरली आहे, तेव्हा पॅड नुसतं थरथरतं आणि काहीच कापत नाही. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ करा.

पुण्याची थंडी इथे दोन प्रकारे आडवी येते. सकाळी पत्रा गार असल्याने पॉलिश घट्ट राहतं आणि कापायला वेळ घेतं. दुपारी हवा इतकी कोरडी होते की तेच पॉलिश अर्ध्यातच वाळून पीठ उडवायला लागतं. पीठ उडालं की पॉलिश वाढवू नका, पॅडवर डिस्टिल्ड पाण्याचा एक फवारा मारा.

झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल २० टक्के आणि उरलेलं डिस्टिल्ड पाणी असं करून पुसा. पॉलिशमधलं तेल ओरखडे लपवतं, ते निघालं की खरं काय ते दिसतं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं. तपासायला मोबाइलची टॉर्च तिरकी धरा. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या नव्या दिसतात.

पाषाणकर_७

खूप आभार. बेसमेंटला पाहुण्यांची जागा रिकामी असते, तिथे करू का? आणि एवढं करून हे ओरखडे परत येऊ नयेत म्हणून काय?

हातोडी_पकड

बेसमेंट उत्तमच. वर उघडं आकाश नाही म्हणून दव नाही, पत्रा दिवसभर जवळपास एकाच तापमानावर. अडचण उजेडाची आणि धुळीची. एक एलईडी दिवा न्या, आणि झाडलोट झाल्यावर तासाभराने सुरू करा. सॉकेटसाठी अध्यक्षांना आधी विचारा, नाहीतर वॅक्सपेक्षा सोसायटीच्या ग्रुपवर जास्त घासाघीस होईल. कार्नोबाऐवजी सिंथेटिक सीलंट (वॅक्ससारखाच पण कृत्रिम संरक्षक थर) लावलंत तर ते धरायला १२ ते २४ तास कोरडे लागतात, थंडीत त्याहून जास्तच. त्या रात्री गाडी बेसमेंटलाच राहू द्या, कव्हर घालू नका.

ओरखडे बहुतेक रोजच्या पुसण्याचे असणार. थंडीत गाडी पुसणारे दादा दवाने ओली असतानाच पुसतात. पाणी वाचतं खरं, पण तेवढं दव धूळ उचलून नेण्याइतकं नसतं, ते धुळीचा चिखल करतं आणि एकच फडकं तो चिखल दहा गाड्यांवर फिरवतं. पैसे तेवढेच द्या आणि त्यांना फक्त काचा आणि चाकं करायला सांगा. बॉडी आठवड्याला एकदा तुम्ही दोन बादल्यांनी धुवा, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. भांड्यांचा साबण नको, त्याने वॅक्स लवकर उतरतं. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, धागे बुळबुळीत होऊन पाणी शोषेनासे होतात.

रंगारी_काका

बंपरचं राहिलंच. गॅरेजमध्ये रंगवलेला भाग कंपनीसारखा १३०-१४० अंशांना भाजलेला नसतो, प्लास्टिक ते सोसणार नाही. त्यातलं सॉल्व्हंट पुढचे काही आठवडे हळूहळू बाहेर पडत राहतं, थंडीत आणखी सावकाश. म्हणून ६० ते ९० दिवस त्यावर वॅक्स, सीलंट, पॉलिश काही नको. रविवारी त्यालाही वॅक्स लागलं असेल तर अल्कोहोलने घासत बसू नका, शाम्पूने धुत राहिलात की हळूहळू उतरेल. पक्ष्यांची घाण पडली तर त्याच दिवशी पाण्याने भिजवून काढा, ताज्या रंगावर तिचा ठसा लवकर बसतो.

काळ्या प्लास्टिकला पांढरा खोडरबर चालवून बघा. खाचांतलं निघालं नाही तर ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाणी घालून जुन्या मऊ टूथब्रशने काढा. पुढच्या वेळी टेप आधी लावा. टेप, बादल्या, ब्रश बोहरी आळीत एका फेरीत होईल. मायक्रोफायबर मात्र जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे जाडी) बघून घ्या, वॅक्स पुसायला ३००-३५० आणि पाणी टिपायला ५०० च्या वरचं.