बुडापेस्टसाठी सीटखालची बॅग: 40 × 30 × 20 मध्ये बसणारी कोणती घ्यावी?

गोदाकाठ, नाशिक
लेक मिलानला शिकते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. मुंबई-मिलान तिकिटात मोठ्या बॅगा आहेत, त्याची काळजी नाही. पण तिथून तिघांनी चार दिवस बुडापेस्टला जायचंय, जाताना विझ एअर, येताना रायनएअर. तिनं सगळ्यात स्वस्त तिकिटं काढलीत, त्यात माणशी एकच छोटी बॅग, सीटखाली मावेल अशी. माझ्याकडे 20 इंची ट्रॉली आहे. नागपूरला भावाकडे जाताना तीच वर ठेवते, कधी कुणी अडवलं नाही. ती चालेल का? यांची ऑफिसची लॅपटॉप सॅक पण घरात आहे. यांना कंबरेचा त्रास असल्यानं पाठीवर फार ओझं नको. नवी घ्यायची तर काय बघून घेऊ?

बॅगवाला, रविवार पेठ
ताई, माझं बॅगांचंच दुकान आहे. "केबिन साइज द्या" असं रोज कुणीतरी मागतं आणि मी आधी विचारतो, कुठल्या विमानाची? कारण केबिन साइज असं एक माप नाहीच.

तुमची ट्रॉली नागपूरला चालते, कारण इंडिगोचं माप 55 × 35 × 25 सेंटिमीटर आहे आणि वजन 7 किलो. ते वरच्या कप्प्यात ठेवायच्या बॅगेचं माप. तुमच्या युरोपच्या तिकिटात वरचा कप्पा नाहीच. विझचं सीटखालचं माप 40 × 30 × 20. रायनएअरचं आधी 40 × 25 × 20 होतं, 2025 मध्ये त्यांनीही ते 40 × 30 × 20 केलं. नेटवर जुने लेख अजून फिरतात, त्यावर जाऊ नका. म्हणजे दोन्ही बाजूंना एकच माप धरून चला. हिशेब केला तर 24 लिटर होतात. तुमची ट्रॉली त्याच्या जवळपास दुप्पट आहे, ती या तिकिटावर चालणार नाही.

आता लॅपटॉप सॅक. आपल्याकडच्या बहुतेक सॅक 45 ते 48 सेंटिमीटर उंच असतात, पाठीला कडक फोमची पाटी असते. ती पाटी वाकत नाही, म्हणून बॅग अर्धी रिकामी असली तरी उंची तीच राहते. टेप लावा. 40 च्या वर गेली तर घरीच ठेवा.

नवी घेताना लेबलवर विसंबू नका. पुष्कळ कंपन्या नुसत्या खोक्याचं माप छापतात, चाकं आणि वरचा दांडा धरत नाहीत. विमानवाले जमिनीपासून वरच्या टोकापर्यंत सगळं धरतात. दुकानात बॅग उभी करा आणि मापायला सांगा. दुकानदार कुरकुरला तर दुसऱ्या दुकानात जा. पुढचा कप्पा चपटा हवा. बाटली, चार्जर, छत्री तिथं कोंबली की 20 ची जाडी 25 होते. भोवती ती जादा चेन असते, उघडली की बॅग फुगते, तसली या कामाला घेऊच नका.

घरी एक चाचणी करा. किराण्याचा खोका कापून आतून बरोबर 40 × 30 × 20 चा बनवा. भरलेली बॅग त्यात सरकली पाहिजे, दाबून बसवावी लागता कामा नये.

साहेबांसाठी चाकांची छोटी अंडरसीट ट्रॉली मिळते, पण चाकं आणि दांडा आतली बरीच जागा खातात. माझा सल्ला वेगळा आहे. तिघांपैकी फक्त लेकीच्या तिकिटावर प्रायॉरिटी घ्या. मग तिला छोट्या बॅगेसोबत 10 किलोची मोठी बॅग नेता येते. साहेबांचे कपडे तिच्यात, ओढायची तिनं. साहेबांकडे औषधं आणि स्वेटरपुरती हलकी पिशवी.

ऱ्हाइनकाठ, कलोन
वरच्यांशी पूर्ण सहमत. फक्त एक मोठा फरक लक्षात घ्या. भारतात आपण काट्याला घाबरतो, इथे चौकटीला. गेटजवळ धातूची चौकट असते, तीत बॅग घालून दाखवा म्हणतात. बसली नाही तर दंड 70-75 युरोपर्यंत जातो, तिकिटापेक्षा जास्त. दुसरं, खांद्यावरची पर्स मोजत नाहीत असं समजू नका. एक बॅग म्हणजे एकच, पर्स रांगेत उभं राहण्याआधी आत गेली पाहिजे. तेवढी जागा आधीच सोडा. जाकीट अंगात घाला, त्याच्या खिशात पुष्कळ मावतं. मे महिन्यात संध्याकाळी ते लागेलच.

40 ची बॅग घेतली की इझीजेटलाही चालते, त्यांचं माप 45 × 36 × 20 आहे. उलटं मात्र होत नाही.

सह्याद्री72
पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, मोठ्या चेक-इन बॅगेत टाकू नका. 20,000 एमएएचची म्हणजे साधारण 74 वॉट-तास होते, 100 च्या आत असल्यानं अडचण नाही. मोठी बॅग गेटवर काढून घेऊन खाली पाठवली तर पॉवर बँक, पासपोर्ट, औषधं आधी हातात घ्या. तेल, शाम्पू 100 मिलीच्या आतल्या बाटल्यांत.

गोदाकाठ, नाशिक
सगळ्यांचे खूप आभार. टेप लावली. ट्रॉली चाकांसकट 57 × 37 × 24 निघाली! सॅक 47. लेकीला प्रायॉरिटीचं विचारलं, ती हो म्हणाली. मग माझी हीच ट्रॉली तिच्या नावावर नेऊ का?

बॅगवाला, रविवार पेठ
नको ताई. विझचं प्रायॉरिटीचं माप 55 × 40 × 23 आणि रायनएअरचं 55 × 40 × 20. तुमची उंचीतही जास्त आणि जाडीतही. आपल्याकडच्या ट्रॉली 25 जाडीच्या हिशेबानं बनतात, तिकडे रुंदी मिळते पण जाडी मिळत नाही. कडक असेल तर दाबताही येणार नाही. 55 × 40 × 20 ची मऊ कापडी ट्रॉली बघा, ती दोन्हीकडे चालेल. रिकामी 2 किलोच्या आत असावी. कडक कवचाच्या बऱ्याच अडीच-तीन किलोच्या असतात, 10 किलोतले तेवढे फुकट जातात. तुमच्या दोघांसाठी बिनफोमच्या साध्या कापडी सॅक घ्या, पण पट्टे रुंद आणि गादीचे बघून. आणि साहेबांना दुकानात सोबत न्या, आत दोन-तीन किलो घालून पाठीवर लावून बघू द्या.