सहा व्होल्टची गाडी बारावर न्यावी का?

दांडियाबाजारकर:
आजोबांची १९५१ची शेवरलेट अजून घरी आहे. सहा व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या लोखंडाला जोडलेलं. परवा पावागडहून परतताना अंधार पडला. हेडलाइट इतके पिवळे की हालोलनंतर खड्डा चाकाखाली आल्यावरच कळत होता. इंजिन गरम असलं की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) कण्हतो. सहाची बॅटरी मागवावी लागते, बाराची कोपऱ्यावर मिळते. शेवरलेटनेच १९५५मध्ये बारा व्होल्ट घेतले, मग मी का अडून बसू? बारा करायचं जवळजवळ ठरलंय.

फतेगंजचा काका:
थांब रे बाळा. वॉट तेवढेच ठेवले तर सहावर करंट दुप्पट वाहतो, म्हणून केबल जाड लागते. मधे कुणीतरी बाराच्या गाडीची बारीक केबल घातली असणार, नव्वद टक्के गाड्यांत मला तेच सापडतं. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत मीटर लाव आणि सेल्फ मार. पाव व्होल्टच्या वर गेलं तर दोष अर्थिंगचा. माझ्या गाडीत अर्थची पट्टी रंगावरच कसली होती. पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासलं, आणि पहिल्या झटक्यात गाडी लागली.

सुरसागर:
काका, मी चार वर्षांपूर्वी बारा केली, एकदाही पस्तावलो नाही. सगळे बल्ब, कॉइल, हॉर्न बदलले, बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवला, पेट्रोलच्या काट्याला व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टर. सेल्फ सहाचाच ठेवला. फक्त फार वेळ दाबायचा नाही. वायपर विजेवर नाही, इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, त्याला हातच लावावा लागला नाही. रात्री बायकामुलांना घेऊन निघतो तेव्हा समोरचं दिसायला हवं. माझ्यासाठी बाकी सगळं त्यानंतर.

जुनं लोखंड:
आणि तो काढलेला डायनामो कुठे आहे? भंगारात ना? २०२३च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता. तिथे बॉनेट उघडं असलं की लोक आधी डायनामो आणि कटआउटच (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) बघत होते. व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर बारा लावताच जळेल, तो पुन्हा मिळणार नाही. आजोबांनी जी गाडी हाताळली तीच राहू दे, कळकळीने सांगतोय.

सुरसागर:
डायनामो कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. परत बसवता येतो.

फतेगंजचा काका:
हेडलाइटला रिले लाव, म्हणजे थोड्या करंटने चालणारा स्विच. करंट बॅटरीतून थेट बल्बला जाईल, डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येणार नाही. अर्धा व्होल्ट वाटेत गेला तरी सहावर उजेड पाव भागाने पडतो, बारावर तेवढाच अर्धा व्होल्ट जाणवतही नाही.

दांडियाबाजारकर:
काका, मीटर लावला. सेल्फ मारताना ब्लॉकपर्यंत १.१ व्होल्ट. बॅटरीवर ६.२, हेडलाइटच्या टोकाला ४.९! पट्टीखाली रंगाचा थर होता, शिवाय केबल बोटापेक्षा बारीक. जाड केबल आणि दोन रिले आणतोय.

सुरसागर:
आण. पण हा पावसाळा रात्री चालवून बघ, मग बोलू. माझं मत अजून बाराचंच आहे.