मदत हवी आहे : पाकिटावर ‘उत्पादक’ लिहावे, ‘निर्माता’ लिहावे की आणखी काही?

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावी राहते आणि आमच्या महिला बचत गटाची सचिव म्हणून हिशेब व लिखापढी सांभाळते. गटातील बाया जवसाची चटणी, मुगाच्या वड्या आणि सरगुंडे (काडीवर वळून वाळवलेले कणकेचे पदार्थ) करून विकतात. आजवर हा माल आठवडी बाजारात साध्या पिशवीतून जात असे. आता छापील पाकीट करण्याचे ठरले आणि काम एका शब्दापाशी अडले. छापखान्यातून आलेल्या नमुन्यावर आमच्या गटाच्या नावापुढे ‘द्वारा निर्मित’ असे होते. हा हिंदीचा थाट मला रुचला नाही म्हणून मी नमुना परत केला. त्यावर “मग काय लिहू, ते तुम्हीच सांगा” असे उत्तर मिळाले, आणि मला ते सांगता आले नाही.

सर्वांत आधी ‘उत्पादक’ हा शब्द सुचला. परंतु आमच्या भागात उत्पादक म्हटले की कापूस उत्पादक शेतकरीच डोळ्यांपुढे उभा राहतो, कारण पणन महासंघाच्या नावातही तो शब्द त्याच अर्थाने बसलेला आहे. कोशात पाहिले तेव्हा मूळ उद् + पद् असे मिळाले. ‘उत्पन्न’ म्हणजे जे उगवून वर आले ते आणि ‘उत्पादन’ म्हणजे ते वर यावे असे करणे. हा शब्द जवस पिकवणाऱ्याला शोभतो यात शंका नाही, पण तोच जवस तव्यावर तडतडेपर्यंत भाजून, लाल मिरची, लसूण आणि मीठ घालून उखळात कुटणाऱ्या बाईला तो लावावा का, याविषयी मनाची खात्री होत नाही. शिवाय गटाच्या बैठकीत मी ‘उत्पादन’ हा शब्द उच्चारताच एक आजी दचकल्या. त्यांच्या ओळखीचा शब्द ‘उत्पादन शुल्क’वाल्यांचा होता, आणि आमच्या दारूबंदीच्या जिल्ह्यात त्या खात्याची गाडी गावात कशासाठी येते हे सांगण्याची गरज नाही.

‘निर्माता’ म्हटले की चित्रपट आठवतो, नाही तर परमेश्वर. त्यातील ‘मा’ हा धातू मोजण्याचा आहे. माप, प्रमाण, परिमाण हे शब्द त्याचेच. मोजूनमापून साकारणे हा अर्थ मला आवडला, तरी पाव किलो चटणीच्या पाकिटावर तो शब्द जरा डोईजड वाटतो. ‘बनवणारे’ हा शब्द तर सर्वांनी हसून बाद केला, कारण गिऱ्हाइकाला बनवणारे असाही त्याचा अर्थ होतो.

इंग्रजी ‘मॅन्युफॅक्चर’चे मूळ पाहिले, तेव्हा गोंधळ वाढला. गटातील एका पदवीधर मुलीने ‘मॅन्यु’चा संबंध मनूशी जोडला होता, पण तो खरा नव्हे. लॅटिनमध्ये ‘मॅनुस’ म्हणजे हात आणि ‘फॅकेरे’ म्हणजे करणे. मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे जसे हस्तलिखित, तसे मॅन्युफॅक्चर म्हणजे हस्तकृत. सोळाव्या शतकात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा तो हातकामाचाच होता. पुढे यंत्रे आली आणि आज तो ऐकला की हाताखेरीज सर्व काही आठवते.

आमच्या बायांच्या बोलण्यात मात्र असा एकच एक शब्द सापडत नाही. सरगुंडे काडीवर वळतात, वड्या घालतात, चटणी कुटतात, पापड लाटतात. गावाचेच पाहिले तर कुंभार मडकी घडवतो, बुरूड सूप विणतो, विटा पाडतात, दोर वळतात, आणि भंडारा-गोंदियाकडे विड्याही वळतात. हात कसा फिरला हे प्रत्येक क्रियापदातच आले आहे, त्यामुळे हातासाठी वेगळा शब्द लावावा लागत नाही. नेमकी हीच गोष्ट पाकिटावर एका शब्दात कशी आणावी, हे मला कळत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे : मराठीत या अर्थाचा सर्वमान्य शब्द कोणता आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने तो चालेल का?

प्रतिसाद १

ताई, आधी कायद्याचे पाहू. आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाकिटावर माल तयार करणाऱ्याचे किंवा पाकीट भरणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत हा मजकूर देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. मराठी त्याच्या जोडीला देता येते, एकटी चालत नाही. हिंदीतील कायदेशीर शब्द ‘विनिर्माता’ असा आहे. तेव्हा तो, किंवा इंग्रजी शब्द, नियमापुरता छापावा आणि मराठी ओळ आपल्या मनाप्रमाणे लिहावी. खाद्यपदार्थ असल्यामुळे अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांकही लागेल, तो विसरू नये.

शब्दाविषयी माझे मत असे की, सरकारी आणि व्यापारी मराठीत ‘उत्पादक’ हाच रुळलेला आहे आणि तो चुकीचा मुळीच नाही. अर्थशास्त्रावर लिहिणारे ‘वस्तुनिर्माण’ लिहितात, पण बाजारात तो शब्द कोणी उच्चारत नाही. आपल्या यादीत ‘कारखाना’ कसा आला नाही याचे नवल वाटले. फारसीत ‘कार’ म्हणजे काम आणि ‘खाना’ म्हणजे घर. शिवकाळातील अठरा कारखान्यांत जवाहीरखाना होता, तसेच पीलखाना, म्हणजे हत्तींचे ठाणे, हेही होते. म्हणजे तेव्हाच्या कारखान्यात माल घडलाच पाहिजे असे नव्हते; ते एक खाते होते. पश्चिम महाराष्ट्रात नुसते ‘कारखाना’ म्हटले तर साखरेचा समजतात, आणि आपल्याकडे कापसाच्या पट्ट्यात त्याची जागा ‘जिनिंग’ने, म्हणजे सरकी काढण्याच्या गिरणीने, घेतली आहे. फारसी ‘कार’ आणि संस्कृत ‘कृ’ यांचे मूळ एकच आहे. त्यामुळे कारखाना, कारकून, कारागीर आणि आपण म्हणतो ते ‘पापड केले’, हे सगळे एकाच घरातले आहेत.

प्रतिसाद २

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण देतो. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी तेथे काम केले. त्या मंडळींनी ‘उद्योग’ हा शब्द निवडला. त्यातील ‘युज्’ हा जुंपण्याचा धातू आहे आणि बैलाच्या मानेवरचे जू त्याच धातूचे. म्हणून ‘अमुक महिला गृहोद्योग’ असे नाव ठेवल्यास वेगळ्या शब्दाची अडचणच उरणार नाही. अर्थात गावात ‘नसते उद्योग’ही म्हणतात, तेवढे सोसावे लागेल.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. मराठी एकटी चालत नाही हे ठाऊक नव्हते; पाचशे पाकिटे छापून झाल्यावर ते कळले असते तर गटाचे पैसे वाया गेले असते. काल बैठकीत दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. उद्योगाची सूचना सर्वांना पटली आणि नावात ‘गृहोद्योग’ घेण्याचे ठरले. मात्र दचकलेल्या त्याच आजी म्हणाल्या, “मंग ‘आमी कुटली’ असंच लिवाले काय होते?” त्यावर कोणाजवळच उत्तर नव्हते.

तेव्हा ‘विनिर्माता’ मागच्या बाजूला बारीक अक्षरांत राहील आणि पुढे, गटाच्या नावाखाली, चटणीवर ‘हाताने कुटलेली’, सरगुंड्यांवर ‘हाताने वळलेले’ आणि वड्यांवर ‘हाताने घातलेल्या’ असे येईल. छापखान्याच्या म्हणण्याप्रमाणे तीन मजकुरांसाठी तीन साचे लागतील आणि खर्च वाढेल. पुढची ओळ कोरी ठेवून तेवढ्यापुरते रबरी शिक्के करून घेतले तर प्लास्टिकच्या पाकिटावर शाई टिकते का, हे कोणाला अनुभवाने माहीत असल्यास कृपया सांगावे.