अनुभव धागा: "तुम्ही कोण?" या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता?

गोदेकाठची
काल रामकुंडावर कुणाचे तरी विधी चालले होते, आणि चार वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं. बाबांच्या अस्थी घेऊन गेले होते. तीर्थोपाध्यायांनी दोनच गोष्टी विचारल्या, मूळ गाव आणि आडनाव. नामावळीची वही काढली, पानं उलटली आणि समोर आजोबांची सही! मोडीत. खाली बाबांची, आजीच्या वेळची. गुरुजी म्हणाले, "लिहा ताई तुमचं नाव." पेन हातातच राहिलं. लग्नात नाव, आडनाव दोन्ही बदललेलं. त्या पानावर मी कोण? तुमच्यावर अशी वेळ आली का? लिहा.

सिडकोची काकू
अगं काटा आला वाचून. माझं नाव ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, मला आधी विचारलंही नव्हतं. माहेरच्या नावाने हाक मारणारी आता एकच मावशी उरलीय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव लागतं ना, नातवाच्या दाखल्यावर सुनेचं नाव पाहिलं आणि रडूच आलं. कुकर झाला, येते.

कसमादे
आम्ही सटाण्याचे. घरात अहिराणी. नाशकात शाळेत आलो तर पोरं हसायची, म्हणून बोलणंच सोडलं. आता माझ्या मुलीला येत नाही, ही चूक माझीच. परवा सीबीएस बसस्टँडला एक आजोबा फोनवर "काय चाली ऱ्हायनं?" म्हणाले, मी बस सोडून त्यांच्याशी बोलत बसलो.

नाशिकरोड
आम्ही प्रेसवाले, म्हणजे इथल्या सरकारी नोटांच्या छापखान्यातले. वडील रिटायर होऊन वीस वर्षं झाली, अजून कुणी विचारलं की आधी "प्रेसमध्ये होतो", मग नाव.

पंचवटी१९३०
आजोबा काळाराम सत्याग्रहात होते. २ मार्च १९३०. त्यांची सही कुठल्याच वहीत नाही. पण मी ओळख तिथूनच सांगतो.

गोदेकाठची
@पंचवटी१९३० दादा, सविस्तर लिहा ना. नक्की लिहा.

कसमादे
२०१६ च्या पुरात गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला होता, वह्या वाचल्या का गं?

गोदेकाठची
आमच्या गुरुजींच्या माळ्यावर होत्या, वाचल्या.

सिडकोची काकू
आणि शेवटी लिहिलंस काय ते सांग की!

गोदेकाठची
बाबांनी ठेवलेलं नाव. पुढे "लेक".

नाशिकरोड
ताई, गुरुजींचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल? आमचं मूळ गाव निफाडकडचं.